जुन्या जमान्याचा आणि न उकललेल्या कोड्यांचा नाद नवख्याला कसा लावावा

ज्याला जुन्या रहस्यकथा, गाण्यांच्या तबकड्या, कृष्णधवल चित्रपट आणि चांदोबाचे अंक यांचा नाद असतो, त्याला बहुधा समुद्रात रिकाम्या सापडलेल्या जहाजाचा, हिमालयातील सांगाड्यांच्या तळ्याचा किंवा अचानक रंग बदललेल्या सरोवराचाही नाद असतो. हे दोन छंद वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे हातून निसटलेल्या गोष्टीचा माग काढण्याची ओढ. हा नाद दुसऱ्या कोणाला लावायचा असेल तर काय करावे आणि काय टाळावे, हे मी माझ्या भाचीच्या निमित्ताने शिकले, आणि तेच येथे लिहीत आहे.

ती तीन वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी नांदेडहून पुण्यात आली आणि कर्वे रस्त्यालगतच्या एका वसतिगृहात राहू लागली. एका रविवारी जेवायला आली असता माझ्या कपाटातील पिवळ्या पडलेल्या पुस्तकांकडे पाहून तिने "मावशी, हे सगळं काय आहे?" असे विचारले, आणि मी हरखून जाऊन तिला चाळीस नावांची यादी करून दिली. त्यात चित्रपट होते, लेखक होते, गायक होते, जगभरातील गूढ घटना होत्या. दीड महिन्यानंतर पाहिले तर ती यादी तिच्या वहीत घडी न मोडता तशीच पडून होती. त्यात तिचा काही दोष नव्हता. ती यादी म्हणजे माझ्या आवडीनिवडीचा हिशेब होता. तिने विचारलेला प्रश्न फार साधा होता आणि त्याचे उत्तर त्या चाळीस नावांत कोठेच नव्हते. म्हणून पहिली सूचना अशी की नवख्याला यादी देऊ नये. एक वस्तू द्यावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे ती वस्तू त्याची त्याला सापडू द्यावी.

वस्तू सापडू देण्याची जागा

पुण्यात यासाठी जुन्या बाजारासारखी जागा नाही. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार कुलपे, पितळी भांडी, बंद पडलेली घड्याळे, कॅमेरे आणि लोखंडी अवजारे यांनी गजबजलेला असतो, आणि त्यातच कोठेतरी गोणपाटावर पुस्तकांचा आणि तबकड्यांचा ढीग असतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी जावे, सुटे पैसे न्यावेत आणि नवख्याला कसलेही उद्दिष्ट देऊ नये. आपण त्याच्यापासून दहा पावले दूर राहावे. त्याने काही उचलले की लगेच धावून माहिती सांगू लागण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण तो आवरता आला पाहिजे.

माझ्या भाचीने त्या दिवशी उचलली ती मुखपृष्ठ गेलेली एक रहस्यकथा होती. पहिल्या पानावर कोणत्यातरी वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, त्यावरील गावाचे नाव पुसट झाले होते. नवव्या पानाच्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने "खून दिवाणजींनी केला आहे" असे लिहून ठेवले होते, आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, जरा दाबून, "चूक. पुढे वाचा" असे लिहिले होते. ती तेथेच उभी राहून वाचू लागली. पुस्तकाचे तीस रुपये देऊन आम्ही निघालो आणि रिक्षात तिच्या लक्षात आले की शेवटचा सबंध फर्मा, म्हणजे सोळा पाने, पुस्तकातून निखळून गेली होती. खुनी कोण हे आता पुस्तकातून कळणार नव्हते. त्या संध्याकाळी तिने मला एकामागून एक प्रश्न विचारले: ही पुस्तके कोण लिहीत असे, ती लोक विकत घेत की भाड्याने आणत, त्यांचा कागद इतका हलका का, आणि समासात भांडणारे हे दोघे कोण असतील. माझ्या चाळीस नावांच्या यादीने जे केले नव्हते ते पेन्सिलीच्या दोन ओळींनी केले.

प्रश्न आला की मग माहिती द्यावी, आणि तीही प्रश्नापुरती. तिला मी तेव्हा एवढेच सांगितले की बाबूराव अर्नाळकर नावाच्या लेखकाने मराठीत हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक घराघरांत माहीत होते, आणि अशी पुस्तके बहुतेक वाचक गल्लीतल्या वाचनालयातून एका दिवसासाठी आणून रात्रीतून संपवीत. कागद हलका, किंमत कमी, हातोहात फिरणे अधिक. म्हणून आज धड प्रत मिळणे अवघड. तिने त्याच आठवड्यात आपणहून अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी सुरू केली.

माणूस पाहून वाट निवडावी

सर्वांसाठी एकच सुरुवात नसते. ज्याला चित्रांची आवड आहे त्याच्या हाती इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा मराठी अंक द्यावा. मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली; तिच्यातील मुखवटेधारी फँटमचे मराठीतील नाव 'वेताळ' होते. ज्याला नावांचे कुतूहल आहे त्याला येथून थेट चांदोबाच्या विक्रम आणि वेताळाकडे नेता येते, कारण चांदोबा १९५२ पासून मराठीत निघत असे आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणाऱ्या विक्रमाचे शंकर यांनी काढलेले चित्र ज्याने लहानपणी पाहिले तो ते विसरलेला नाही. तेथून आणखी मागे जायचे तर अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरापर्यंत पोहोचता येते, ज्यात वेतालाच्या पंचवीस कथा आहेत. हे सगळे सांगण्यासाठी मी भाचीला एका सकाळी वेताळ टेकडीवर नेले होते. वर वेताळबाबाच्या मंदिरापाशी बसून अमेरिकी कॉमिक्समधला, संस्कृत ग्रंथातला आणि आपल्या टेकडीवरचा असे तीन वेताळ एकमेकांचे कोण लागतात, यावर आम्ही बराच वेळ बोललो. नाव एकच असले तरी तिन्हींची कामे निराळी आहेत, हे तिचे तिनेच शोधून काढले.

जो पुण्यात नवा आहे आणि ज्याला सायकल चालवायला आवडते त्याच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो, सायकलवरून शहर पालथे घालतो आणि 'ट्टॉक' करून संकटात उडी घेतो. हे वाचताना त्या काळच्या पुण्याचा नकाशा आपोआप समजतो. भयकथेची ओढ असलेल्याला नारायण धारपांकडे न्यावेच लागते, परंतु माझे मत असे की त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांनी सुरुवात करू नये. आधी रत्नाकर मतकरींची एखादी छोटी गूढकथा रात्री मोठ्याने वाचून दाखवावी आणि शेवटच्या वाक्यानंतर काही क्षण कोणीही बोलू नये. गूढकथेची खरी ताकद तिच्या शेवटानंतरच्या शांततेत असते, आणि ती शांतता एकट्याने मनातल्या मनात वाचणाऱ्या नवख्याला पहिल्या वेळी मिळत नाही. महाविद्यालयीन मुलांना सुहास शिरवळकर चटकन जवळचे वाटतात. त्यांच्याविषयी फारसे काही सांगावे लागत नाही. पुस्तक द्यावे आणि बाजूला व्हावे.

तबकडी ऐकण्याची रीत

जुन्या गाण्यांच्या बाबतीत एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. आपण मोबाइलवर गाणे लावतो आणि नवख्याकडे आशेने पाहतो. ते गाणे तेव्हा इतर हजार गाण्यांसारखेच एक गाणे असते. शक्य असल्यास एकदा तरी चावीचा ग्रामोफोन असलेल्या कोणाच्या घरी जावे. तबकडी कशी धरायची येथपासून शिकवावे: कडेला तळवा आणि मधल्या कागदी चिठ्ठीवर बोटे, खोबणींना बोट लागता कामा नये. ७८ फेऱ्यांची ही तबकडी लाखेपासून बनवलेली असल्याने हातून सुटली तर काचेसारखी फुटते. चावी पूर्ण भरावी, पोलादी सुई नवी लावावी, कारण एका बाजूनंतर ती झिजते आणि झिजलेली सुई खोबण खरवडते. मग हळूच सुई टेकवावी. आधी खरखर येते, आणि तिच्यातून आवाज वर येतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटेच मावत असत. ही गोष्ट नवख्याला येथेच सांगावी, कारण त्या काळची गाणी तेवढ्याच लांबीची का, मोठमोठ्या गवयांनी तीन मिनिटांत राग कसा बसवला, याचा उलगडा त्या फिरणाऱ्या तबकडीकडे पाहताना होतो. गाणे संपत येता येता चावी उतरली की स्वर खाली घसरू लागतो आणि गाणारी बाई हळूहळू पुरुषासारखी ऐकू येऊ लागते. माझी भाची तेव्हा दचकली आणि मग तिने स्वतः उठून चावी भरली. गाणे ऐकण्यासाठी उठावे लागते, हे तिला त्या दिवशी कळले.

पुण्यात असताना गीतरामायणाला वळसा घालून जाता येत नाही. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाली. नवख्याला सगळी गीते सलग ऐकवू नयेत. आठवड्याला एकच ऐकवावे, ज्या गतीने ती मूळ श्रोत्यांना मिळाली त्याच गतीने. पुढचे गीत कळण्यासाठी सात दिवस थांबणे हा त्या अनुभवाचा अर्धा भाग होता, आणि तो भाग आपण आजही जसाच्या तसा देऊ शकतो. पहिल्या गीताचा कागद ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हरवला आणि गदिमांनी ते पुन्हा लिहून काढले, असा किस्सा जुने लोक रंगवून सांगतात. तो सांगताना 'किस्सा आहे' असे म्हणूनच सांगावा. याचे कारण पुढे येते.

हरवलेले चित्रपट हा पूल

जुन्या करमणुकीकडून गूढाकडे जाण्याचा पुण्यातील सर्वात सरळ मार्ग लॉ कॉलेज रस्त्यावरून जातो. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९३६ चा 'संत तुकाराम' येथेच घडला. जवळच १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ज्याची उभारणी पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून केली. तेथे चित्रपटाचे खेळ होतात तेव्हा नवख्याला अवश्य न्यावे, आणि खेळ संपल्यावर बाहेरच्या झाडांखाली उभे राहून त्याला एक प्रश्न विचारावा: भारतातील पहिला बोलपट कोठे पाहता येईल?

उत्तर असे की कोठेच नाही. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, त्याला तुफान गर्दी झाली, आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. काही छायाचित्रे उरली आहेत, गाण्यांचे बोल ठाऊक आहेत, पण चित्रपट गेला. हे कसे घडते ते समजावून सांगावे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती फार ज्वालाग्राही, आणि नीट ठेवली नाही तर आपोआप कुजून तिची भुकटी होते. शिवाय फिल्मवरील थरात चांदी असते, आणि खेळ संपलेल्या चित्रपटांची रिळे त्या चांदीसाठी विकली जात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी जुनी रिळे जळून गेली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज उपलब्ध असलेली पहिली आणि शेवटची रिळे मूळ चित्रपटाची की त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे आपण जे पाहतो तेच मूळ आहे का, हेही कोडेच आहे.

माझ्या अनुभवात नवख्याच्या मनात गूढाची खरी ओढ येथे निर्माण होते. भुतांच्या गोष्टींनी येते ती भीती, आणि ती आठवडाभरात ओसरते. शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली वस्तू शंभर वर्षांच्या आत पूर्णपणे नाहीशी होऊ शकते, ही जाणीव मात्र मनात रुतून बसते.

तीन रकाने

आता गूढ घटनांविषयी. येथे मला सर्वात अधिक सांगायचे आहे, कारण येथेच नवख्याचे सर्वात अधिक नुकसान होऊ शकते. रंगवून सांगितलेली गोष्ट ऐकून तो आधी भारावतो, आणि पुढे तिच्यातील निम्मे खोटे निघाले की त्याचा सगळ्यावरूनच विश्वास उडतो. यासाठी मी भाचीला एक दोनशे पानी वही आणून दिली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात 'ठाऊक आहे', दुसऱ्यात 'सांगितले जाते', तिसऱ्यात 'असे असू शकेल'. कोणतीही गोष्ट ऐकली की ती वाक्यावाक्याने सोडवून योग्य रकान्यात मांडायची.

सुरुवात सुटलेल्या कोड्याने करावी, हे माझे ठाम मत आहे. ज्याने एकदा तरी उत्तर मिळताना पाहिले आहे, तोच उत्तर नसलेल्या कोड्यापुढे धीराने बसू शकतो. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार उत्तम आहे. पुराणकथा सांगते की तेथे विष्णूने लवणासुराला मारले. ही गोष्ट दुसऱ्या रकान्यात, आणि आदराने, कारण तिच्यातील 'लवण' त्या पाण्याच्या खारेपणाची जुनी नोंदच आहे. एके काळी अभ्यासक त्या विवराला ज्वालामुखीचे मुख समजत. पुढे बेसॉल्ट खडकावर आदळलेल्या अशनीमुळे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर झाले, हे तेथील खडकांतील खुणांवरून सिद्ध झाले. आणि मग जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी ती छायाचित्रे पाहून नाना तर्क लढवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्या पाण्याचे नमुने तपासले गेले आणि खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे निष्पन्न झाले. भाचीच्या वहीत लोणारचे पान चारही कडांपर्यंत भरलेले आहे, आणि तिसऱ्या रकान्यातील एक वाक्य बाणाने पहिल्या रकान्यात नेलेले आहे. त्या बाणाचा तिला फार अभिमान आहे.

दुसरे पान 'मेरी सेलेस्ट'चे. येथे करमणूक आणि कोडे एकमेकांत कसे मिसळतात ते दिसते. डिसेंबर १८७२ मध्ये अटलांटिक महासागरात अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये हे जहाज 'देई ग्रात्सिया' नावाच्या दुसऱ्या जहाजाला भरकटताना सापडले. कप्तान ब्रिग्ज, त्यांची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी, असे दहाही जण बेपत्ता होते. मद्यार्काची १,७०१ पिंपे जवळजवळ जशीच्या तशी होती, अन्नपाणी होते, शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची होती. आता नवख्याला विचारावे की त्याने या जहाजाविषयी पूर्वी काय ऐकले आहे. तो सांगेल की टेबलावर गरम चहा होता, ताटे वाढलेली होती आणि होड्या जागच्या जागी होत्या. यातले काहीही खरे नाही. जहाजाची होडी गेलेली होती, दिशा शोधण्याची उपकरणेही गेलेली होती, म्हणजे ती माणसे घाईने का होईना पण स्वतः होडीत उतरली होती. होड्या जागेवर असल्याचा तपशील आर्थर कॉनन डॉइल यांनी १८८४ मध्ये लिहिलेल्या एका कल्पित कथेतून पसरला. त्यांनी जहाजाचे नावही किंचित बदलून 'मारी सेलेस्ट' केले होते, आणि आजही कितीतरी लोक तेच चुकीचे नाव घेतात. शेरलॉक होम्सला जन्म देणाऱ्या लेखकाच्याच लेखणीने एका खऱ्या कोड्यावर कायमचा थर चढवला. मद्यार्काच्या वाफेचा स्फोट होईल या भीतीने कप्तानाने सर्वांना तात्पुरते होडीत उतरवले आणि होडीचा दोर तुटला, हा तिसऱ्या रकान्यातील मला सर्वात पटणारा तर्क आहे. पण तो तिसऱ्याच रकान्यात राहिला पाहिजे.

रूपकुंडाचे पान यानंतर घ्यावे, आधी नव्हे. उत्तराखंडात सुमारे ५,००० मीटर उंचीवर असलेल्या या तळ्याकाठी १९४२ मध्ये एका वनरक्षकाला माणसांचे सांगाडे दिसले. दीर्घकाळ असे मानले गेले की ही एकाच यात्रेतील, एकाच गारपिटीत मेलेली माणसे असावीत. कवट्यांवरील गोलसर घाव त्या तर्काला पुष्टी देत होते, आणि तो तर्क इतका नेमका वाटे की लोक तो पहिल्या रकान्यात लिहीत. २०१९ मध्ये ३८ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात आपल्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांचाही सहभाग होता. त्यातून दिसले की २३ जणांचे मूळ दक्षिण आशियातील, १४ जणांचे पूर्व भूमध्य सागराकाठचे आणि एकाचे आग्नेय आशियातील होते, आणि या गटांच्या मृत्यूंमध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर होते. भूमध्य सागराकाठची माणसे हिमालयातील त्या तळ्याशी का गेली, याचे उत्तर आजही नाही. लोणारमध्ये बाण डावीकडे गेला होता. येथे तो उजवीकडे परत आला. दोन्ही प्रकारचे बाण काढता येणे हे या छंदातील खरे कौशल्य आहे.

घराजवळचे उदाहरण हवे असेल तर शनिवारवाडा आहेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी तेथे खून केला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले, हे पहिल्या रकान्यात. आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले, आणि "काका, मला वाचवा" ही हाक रात्री अजून ऐकू येते, ही दोन्ही वाक्ये दुसऱ्या रकान्यात. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो म्हणून ती घटना सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाली नाही म्हणून ती सांगायची नाही असेही नाही.

काय टाळावे

खरे खून नवख्याच्या करमणुकीसाठी वापरू नयेत. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाविषयी पुण्यात नवीन आलेल्या मुलांना हटकून विचारावेसे वाटते. त्या वर्षभरात संध्याकाळी सातनंतर दारे लावून बसलेली माणसे, आणि ज्यांच्या घरची माणसे गेली ते नातलग, अजून याच शहरात आहेत. विचारले तर खरे ते थोडक्यात सांगावे, पण तो विषय रंगवू नये आणि तेथे 'सहल' म्हणून कोणाला नेऊ नये.

तसेच कोणाच्या श्रद्धेची टर उडवून या छंदाची सुरुवात करून देऊ नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातील दूध मूर्तीकडे ओढले जाऊन तिच्या अंगावरून ओघळत होते, आणि दुधात रंग मिसळल्यावर ते दिसूनही आले. हे स्पष्टीकरण जरूर द्यावे. परंतु आधी घरातील वडीलधाऱ्यांना त्या दिवशी ते कोठे होते ते विचारावे. भाचीने तिच्या आजीला फोन करून विचारले तेव्हा आजीने तासभर त्या दिवसाची हकिकत सांगितली, रांगेत पुढे कोण होते आणि दूध कोणत्या वाटीतून नेले येथपर्यंत. पुढच्या खेपेला आजीने आपणहून जुलै १९७९ ची गोष्ट काढली, जेव्हा स्कायलॅब हे अमेरिकेचे अंतराळस्थानक कोसळणार म्हणून गावोगावी घबराट पसरली होती आणि ते अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. अशा आठवणी कोणत्याही पुस्तकात नसतात आणि त्या सांगणारी माणसे फार दिवस राहत नाहीत. त्या वहीत तारखेसह, सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्याव्यात.

वेगाविषयी एवढेच सांगते की महिन्याला एक विषय पुरेसा होतो. नवखा स्वतः दुसरा मागेपर्यंत देऊ नये.

राहता राहिली ती शेवटचा फर्मा नसलेली कादंबरी. तिची दुसरी प्रत मला गेल्या दिवाळीत एका जुन्या ग्रंथालयात आढळली, धड बांधणीची, सगळी पाने असलेली. अशा वेळी शेवट लगेच वाचून दाखवावासा वाटतो. मी भाचीला फक्त प्रत सापडल्याचे कळवले. तिने आधी वही उघडून तिसऱ्या रकान्यात आपला संशय कोणावर आहे ते कारणांसह लिहिले, खाली तारीख घातली, आणि मग आम्ही दोघी त्या ग्रंथालयात गेलो. दिवाणजी निर्दोष होते. तिचा तर्कही चुकला होता. परत निघताना तिने आपल्या फाटक्या प्रतीच्या नवव्या पानावर, त्या दोन हस्ताक्षरांच्या खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात "बरोबर, दिवाणजी नव्हेत" एवढेच लिहिले. खुन्याचे नाव लिहिले नाही.